पांढरीवरची माती आणायची म्हणतात आमचे आप्पा. आणू द्यायची का?

गिरणाकाठ_८७

रामराम मंडळी. इथे वाचतो बरेच दिवसांपासून पण लिहितोय पहिल्यांदा, लांबलं तर सांभाळून घ्या.

गाव जळगाव जिल्ह्यात, गिरणेच्या काठी. नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल (जिथे उत्खनन झालं ते बहाळ नाही, कोणीतरी विचारणारच म्हणून आधीच सांगून टाकतो). गावाच्या वरच्या अंगाला नदीला लागून मोठं टेकाड आहे, आम्ही त्याला पांढरीच म्हणतो. आजूबाजूचं सगळं वावर काळंभोर आणि हे मधेच राखाडी-पांढुरकं. लहानपणी त्याच्यावरून पोत्यावर बसून घसरायचो. पहिला पाऊस पडून गेला की मणी सापडायचे, आणि खापरं तर पैशाला पासरी. कडेला पुरातत्त्व खात्याचा निळा बोर्ड आहे, अर्धी अक्षरं उडालेली. संरक्षित, शिक्षा, दंड एवढंच वाचता येतं. सध्या त्या बोर्डाला शेजाऱ्यांची शेळी बांधलेली असते.

आता मुद्दा. आमचं वावर टेकाडाला लागूनच आहे. गावातल्या जुन्या घराचं धाबं (मातीचं सपाट छप्पर) दोन पावसाळ्यांपासून गळतंय आणि आप्पांनी ठरवलंय की पांढरीची माती आणून धाब्यावर टाकायची, दोन ट्रॉल्या, आणि आणतोच आहोत तर अजून चार-पाच ट्रॉल्या केळीच्या वावरात. त्यांचं म्हणणं आजा-पणजा सगळ्यांनी नेली, कोणाला काही झालं नाही, आणि ते खोटंही नाही. धाकटा भाऊ त्यांच्याही पुढे, त्याच्या ओळखीचा जेसीबीवाला आहे, म्हणतो रात्रीतून काम होऊन जाईल कोणाला पत्ता पण लागणार नाही. वर बांधाजवळ गुरांसाठी पत्र्याचा शेड टाकायचाय, कॉलम भरून. बोर्डापासून सत्तर-ऐंशी पावलं असेल.

मी पुण्यात नोकरीला. फोनवर नाही म्हटलं तर आप्पा म्हणाले, तिथे ना देऊळ ना भिंत, मातीच्या ढिगाऱ्याला कसलं आलंय स्मारक. खरं सांगू, मलाही उत्तर देता आलं नाही.

तर हे टेकाड म्हणजे नक्की काय असतं? माती नेली तर खरंच कोणी आत टाकतं का की नुसता बोर्ड? शेडचं काय? आणि शेवटचं, दिवाळीत गेलो होतो तेव्हा माझ्या पोरीने तिथून खापराचा तुकडा आणलाय, लाल आहे, त्यावर काळ्या रेघांची जाळी काढलेली. शाळेत दाखवायला न्यायचा म्हणते. चालेल का?


तापीवरला_भो

भो, तठे सोनाना हंडा शे का नही ते पहिले सांग, मंग पुढलं बोलू.


खापरखुंटा

वरच्या भावाकडे दुर्लक्ष करा. म्हणजे अगदीच करू नका, कारण अर्धी टेकाडं याच प्रश्नापायी पोखरली गेलीत.

मी पुरातत्त्व शिकलोय, दोन उत्खननांवर काम केलंय, हुद्दा म्हणाल तर ब्रशने धूळ झाडणे आणि खापरं धुणे. त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.

आप्पांना सांगा की देऊळ नाही हे बरोबर, पण भिंती आहेत, शेकड्यांनी आहेत. ते टेकाड भिंतींचंच झालेलं आहे. बघा, मातीचं घर किती टिकतं? लेवण-सारवण केलं तर एक-दोन पिढ्या, नाही केलं तर एका पावसाळ्यात बसतं. बसलं की आपला माणूस ती माती उचलून गावाबाहेर टाकत नाही, तिथल्या तिथे सपाट करतो आणि वर नवीन घर बांधतो. त्यात चुलीची राख, शेण, भुसा, हाडं, फुटकी मडकी, सगळं तिथेच पडत राहतं. असं हजार-दोन हजार वर्षं चाललं की सपाट जागेचं टेकाड होतं. राख आणि शेण इतकं मुरलेलं असतं म्हणून ती माती पांढुरकी. जुने लोक पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी असं म्हणतात ते उगीच नाही. आमचे सर म्हणायचे की अनोळखी गावात जुनी वस्ती शोधायची तर नकाशा नंतर काढा, आधी म्हाताऱ्यांना विचारा पांढरी कुठे आहे.

खानदेशात अशा जागा भरपूर आहेत. प्रकाशे घ्या, तापी-गोमाईच्या संगमावर, लोक दक्षिण काशी म्हणून देवदर्शनाला जातात पण तिथल्या टेकाडात १९५४-५५ साली बी. के. थापर यांनी खोदकाम केलं तेव्हा तळाला ताम्रपाषाण काळातली (तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या लोकांची) वस्ती, तिच्यावर लोखंड वापरणाऱ्या लोकांची, तिच्यावर सातवाहनांच्या आसपासची आणि सगळ्यात वर त्यानंतरची, असा सगळा हिशेब एकाखाली एक निघाला. तुमच्याच गिरणेवर बहाळ, तिथे म. न. देशपांडे यांनी १९५२-५३ ला आणि परत १९५६-५७ ला खोदलं, हे पुढे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. नदीच्या पलीकडे टेकवाडे, तिथे बहाळच्या त्या जुन्या लोकांची दफनं मिळाली. प्रकाशाजवळचं सावळदा तर असं गाव की त्याच्या नावाने एक अख्खी संस्कृती ओळखली जाते, चार हजार वर्षांच्या आसपासची. याच लोकांची धुळे जिल्ह्यातल्या कावठ्याला जमिनीत खड्डा करून बांधलेली घरं सापडलीत.

आता पोरीचा तुकडा. फोटो नीट टाका, पण लाल, चांगला भाजलेला, वर काळ्या रंगाची जाळी, हे वर्णन जोर्वे पद्धतीच्या भांड्यासारखं वाटतंय. नखाने वाजवून बघा, खणखणीत वाजतो का. जोर्वे हे संगमनेरजवळचं गाव, तिथे पहिल्यांदा ओळखली म्हणून हे नाव, पण ही भांडी तापी-गिरणेपर्यंत सगळीकडे मिळतात. काळ इ.स.पू. १४०० ते १००० धरा. म्हणजे तुमची पोर शाळेत नेणार तो तुकडा तीन हजार वर्षांपूर्वी कोणाच्यातरी आजीच्या हातून फुटला असेल.

आता जेसीबीचं. आपल्याकडे खापरावरचे मांडे करतात ना, एकावर एक रचलेली चळत असते. चळत तशीच असेल तोवर कळतं की खालचा आधी झाला, वरचा नंतर. तीच चळत हाताने कालवून काल्यासारखी केली तर पोट भरेल पण कुठला मांडा कधीचा ते देवालाही सांगता येणार नाही. टेकाडाचं तसंच आहे. मणी, खापर, जळका दाणा यांची सुटी किंमत फार नसते, ते कुठल्या थरात कशाशेजारी पडले होते यात सगळं असतं. इनामगावला (पुणे जिल्हा, घोड नदी) डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बारा-चौदा वर्षं खोदलं तेव्हा कुठे कळलं की हे लोक जव पेरायचे, पुराचं पाणी वळवायला चर खणायचे, लहान मूल गेलं तर दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना जुळवून घरातच जमिनीखाली पुरायचे आणि मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखाली पाय तोडून टाकायचे. हे सगळं ब्रश आणि छोट्या कुदळीने कळलंय. जेसीबीच्या एका बकेटमध्ये एखादं घर चुलीसकट जातं आणि चालवणाऱ्याला वाटतं माती होती.


मास्तर_पारोळा

खापरखुंटा, छान लिहिलंस बेटा. पण थोडी आमची बाजू पण ऐक.

मी तीस वर्षं मराठी-इतिहास शिकवला, आता निवृत्त. माझं सगळं बालपण धाब्याच्या घरात गेलं. वर सागाच्या सऱ्या, त्यावर काड्या-फांद्या, पाला, मग चिखल आणि सगळ्यात वर पांढरीच्या मातीचा जाड थर. आमची माय म्हणे, "पांढरीनी माटी धाबाले टाकी की पानी ठिपकत नही." आणि खरंच नसे गळत. काळी माती टाकून बघा, उन्हाळ्यात वीतभर भेगा. पांढरी तडकत नाही, दाबली की घट्ट बसते. दर वर्षी आखाजी (अक्षय तृतीया) झाली की सगळं गाव टोपल्या घेऊन टेकाडावर, पोरीबाळी झोके सोडून माती वाहायला. कोणाच्या मनात चोरीचा विचार नव्हता. पूर्वजांचं घर मोडून आपलं घर शाकारत होतो एवढंच, आणि ते पूर्वजही बहुतेक तेच करत होते!

आमच्या गावचं टेकाड असंच टोपली टोपलीने निम्मं गेलं. माझ्याही टोपल्या त्यात आहेत, कबूल करतो. बोर्ड कधीच नव्हता. आज वाईट वाटतं, पण गावाला गुन्हेगार ठरवून काही होत नाही हेही तितकंच खरं. बोर्ड लावताना कोणी पारावर बसून सांगितलं असतं की बाबांनो हे असं आहे, तर आप्पांसारख्या माणसाने आज हा हट्ट धरला नसता असं मला वाटतं.

आता गिरणाकाठ, तुझ्या कामाचं सांगतो. धाब्याला माती पांढरीच हवी ना? मग गावठाणात तुमच्याच भाऊबंदकीतलं एखादं पडकं घर असेलच, खानदेशात कोणत्या गावात नाही? त्याच्या पडलेल्या भिंतींची माती ही पांढरीच आहे. तीच राख, तेच शेण, तीच जुनी मुरलेली. मालक विचारून घ्यायचा, काठीने टोकरून विंचू-किरडू बघायचं, चाळायची आणि टाकायची. मी स्वतः २००९ साली आमच्या धाब्यावर चुलत्यांच्या पडक्या ओट्याची माती टाकलीय, अजून थेंब नाही. (नंतर सुनेने वर पत्रा टाकून घेतला ते वेगळं.)

केळीत टाकायचा नाद सोडायला सांग. आमच्या दोन काकांनी टाकली होती, एकाला फरक दिसला नाही, दुसऱ्याच्या वावरात खापरं इतकी झाली की निंदायला बाया येईनात.

आणि बहाळचं नाव निघालंच तर एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथे शके ११४४ चा, म्हणजे इ.स. १२२२ चा शिलालेख आहे, अनंतदेवाचा. हा अनंतदेव यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी आणि आपल्या भास्कराचार्यांच्या घराण्यातला. म्हणजे एकाच गावात खाली तीन हजार वर्षांपूर्वीची चूल आणि वर आठशे वर्षांपूर्वीचा ज्योतिषी. मुलांना हे सांगितलं की वर्गात पाच मिनिटं शांतता असायची, आमच्या वर्गात ती पण मोठी गोष्ट.


सातबारा_काका

भावनिक झालं, आता कागदावर येऊ.

१) तो बोर्ड केंद्राचा की राज्याचा ते आधी बघ. केंद्राचा असेल तर १९५८ चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळांचा कायदा, राज्याचा असेल तर महाराष्ट्राचा १९६० चा. पुढचं सगळं केंद्राचं धरून लिहितोय. आपल्याकडच्या केंद्राच्या जागा संभाजीनगरच्या मंडळाकडे येतात.

माती: संरक्षित जागेत खणणं, माती-मुरूम काढणं चालत नाही, जमीन स्वतःच्या मालकीची असली तरी नाही. कलम १९. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पूर्वी हे तीन महिने आणि पाच हजार होतं, २०१० च्या दुरुस्तीत वाढलं. त्यामुळे आजा-पणजाचं उदाहरण आता उपयोगाचं नाही. आणि रात्रीच्या जेसीबीबद्दल धाकट्या बंधूंना सांग की गावात जेसीबी आला हे कळायला खात्याची गरज नसते, ज्याच्याशी बांधाचं भांडण आहे तो व्हिडिओ काढून बसलेला असतो.

शेती: हे बहुतेकांना माहीत नसतं. त्याच कलम १९ मध्ये म्हटलंय की संरक्षित जागेत शेती करता येते, फक्त एक फुटाच्या खाली खणायचं नाही. वाक्य इतकं तिरपागडं लिहिलंय की दोन नकार एकमेकांत अडकून भलताच अर्थ निघतो, पण आशय हाच. म्हणजे कुळव-वखर चालेल. पलटी नांगर खोल घातला, विहीर, शेततळं, तर नाही.

शेड: संरक्षित हद्दीपासून १०० मीटर हा प्रतिबंधित पट्टा, तिथे नवीन बांधकाम नाहीच. त्याच्या पुढे आणखी २०० मीटर विनियमित पट्टा, तिथे सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी घेऊन होतं. कॉलम भरून पत्र्याचा शेड म्हणजे बांधकामच, "गोठाच तर आहे" चालत नाही. तुझी सत्तर-ऐंशी पावलं म्हणजे पन्नास-साठ मीटर, आतच आला. आणि अंतर बोर्डापासून मोजायचं नसतं, जागेच्या हद्दीपासून मोजायचं असतं, बोर्ड काय कोणीही सोयीने रोवतं. अधिसूचनेत गट नंबर दिलेला असतो, तो आणि भूमी अभिलेखचा नकाशा समोर ठेवून बघ.

२) (हो, १ च्या आतच सगळं आलं, राहू दे.) प्रतिबंधित पट्ट्यात आधीचं घर असेल तर त्याची दुरुस्ती करता येते, तीही परवानगीने, आणि ते घर १६ जून १९९२ च्या आधीचं असल्याचा पुरावा लागतो. आमचं वडिलोपार्जित घर एका संरक्षित देवळाजवळ आहे. मागची भिंत पडली म्हणून अर्ज केला, अकरा महिने गेले, मधे दोनदा तोच नकाशा मागितला, तोवर ताडपत्री लावून राहिलो. कायदा मला पटतो. कागद फिरवण्याची पद्धत पटत नाही. पण तरीही अर्ज करूनच काम केलं, कारण नंतरची नोटीस त्याहून महाग पडते हे शेजाऱ्याचं बघितलंय.


काळीमायची_लेक

सगळं वाचलं. मला एक सांगा, हे कायदे करणाऱ्यांनी कधी टेकाडाच्या कडेला शेती केलीय का?

मी शेती स्वतः बघते, साक्री तालुका. आमच्या गटात असाच पट्टा येतो. विहीर खोदता येत नाही, बँकेचा माणूस येऊन बोर्ड बघून परत जातो, जमीन विकायला काढली तर गिऱ्हाईक भाव पाडतं. नुकसान सगळं आमचं आणि अभिमान सगळ्या महाराष्ट्राचा. वर चौकीदार नाही, कुंपण नाही. मागच्या वर्षी गाडीतून चार पोरं आली मेटल डिटेक्टर घेऊन, दिवसाढवळ्या. त्यांना हाकलायला मीच गेले विळा घेऊन, खात्यातून कोणी आलं नव्हतं. मला त्या खापराचं काही वाकडं नाही, पण सांभाळणारीला काहीतरी द्या ना. साधा एक सत्कार नाही, पगाराचं तर सोडाच.

आणि बोर्ड नसलेल्या टेकाडांचं कोणी बोलतच नाही. माहेरच्या गावी एक होतं, वीटभट्टीवाल्याने दहा-बारा वर्षांत सपाट केलं. आता तिथे कापूस आहे. त्याच्यावर ना बोर्ड होता ना कायदा, मग ते जुनं नव्हतं का?


खापरखुंटा

ताई, तुम्ही म्हणता त्यातलं एकही वाक्य खोडता येत नाही. उलट भर घालतो. तो एक फुटाचा नियम पण टेकाडाला पूर्ण वाचवत नाही. उताराची जमीन दर वर्षी वखरली आणि दर पावसाळ्यात वरची माती वाहून गेली की पुढच्या वर्षीचा एक फूट हा आधीपेक्षा खालचा असतो. पन्नास वर्षांत कायदा पाळून पण टेकाड झिजतं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. गवत राहू दिलं, उताराला आडवी पाळी घातली तर कमी झिजतं, पण ज्याचं पोट त्या एकरावर आहे त्याला मी फुकटचं ज्ञान काय देऊ.

डिटेक्टरवाल्या पोरांचं मात्र ऐकून डोकं फिरलं. त्या तापीवरल्या भावाच्या हंड्याचं पण इथेच सांगून टाकतो. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. दहा रुपये! आज चहा पण येत नाही धड. आणि ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांकडे सोन्याचे हंडे नव्हते हो, मणी, शंखाच्या बांगड्या, गारगोटीची पाती, क्वचित तांब्याची कुऱ्हाड. या काळातला गाजलेला हंडा म्हणाल तर नगर जिल्ह्यात दायमाबादला, १९७४ साली, एक गावकरी झुडपाचं खोड खणत होता तर खाली काशाचा बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. चारही मिळून साठ किलोच्या वर. मोडीत घातलं असतं तर भांड्यांच्या भावाने गेलं असतं, आणि आज ते भारतातल्या पुरातत्त्वाच्या कुठल्याही पुस्तकात असतं. पण गंमत बघा, ते नेमकं कुठल्या थरातलं यावर विद्वान अजून भांडतात, कारण ते उत्खननात नाही, खोड उपटताना निघालं. मांड्यांची चळत म्हणत होतो ती हीच.


तापीवरला_भो

साठ किलो?? गेंडा?? आपले खानदेशमा गेंडा कथाईन उना भो


मास्तर_पारोळा

अरे गेंड्याचं काय घेऊन बसलास, चाळीसगावजवळ पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळालेत, एका कवचावर तर रेघांची नक्षी पण कोरलेली. पंचवीस हजार वर्षांच्या आसपासचं. म्हणजे शहामृगं फिरत होती इथे, जिथे आज उन्हाळ्यात चिमणी दिसत नाही.


गिरणाकाठ_८७

एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, आणि काय झालं ते सांगायला आलोय.

शनिवारी गावी गेलो. कायद्याचं कलम वगैरे आधी काढलं तर आप्पांनी "बघून घेऊ कोण येतो" एवढंच उत्तर दिलं, त्यामुळे ती लाईन तिथेच सोडली. मग मास्तरांची युक्ती काढली. म्हटलं मोठ्या आबांचं घर पडलंय पंधरा वर्षांपासून, त्याची माती आणू. आधी "पडक्या घराची कोणी टाकतं का" झालं, पण मग स्वतःच उठून गेले, मूठभर उचलली, चोळली, वास घेतला, आणि म्हणाले, "पांढरीच शे ही." थोडा वेळ त्या ढिगाऱ्याकडे बघत उभे राहिले. आबांच्या ओसरीवरच आप्पांचं लहानपण गेलं. खाली चुलीची जागा अजून काळी दिसत होती, त्यात एक फुटकं मडकं पण होतं. मला खापरखुंटांचं सगळं आठवलं पण मी काही बोललो नाही, कारण ते तिकडे तोंड करून उभे होते आणि मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

माती तिथली ठरली. चुलत भावाने होकार दिलाय, बदल्यात त्याच्या ट्रॅक्टरमध्ये डिझेल मी भरायचं. केळीचं त्यांनी स्वतःच सोडलं, निंदायला बाया येणार नाहीत म्हटल्यावर.

शेडचं मात्र भिजत पडलंय. टेप घेऊन मोजलं, शेडच्या जागेपासून बोर्डापर्यंत ५८ मीटर भरलं. धाकटा म्हणतो वावराच्या दुसऱ्या टोकाला घेऊ, तिथे पण १०० च्या पुढे असलो तरी पुढच्या २०० च्या पट्ट्यातच येतो, म्हणजे अर्ज आलाच. काका, अकरा महिने ऐकून आप्पांनी हात जोडले. सध्या गुरं लिंबाखालीच. गट नंबर बघायला सोमवारी भूमी अभिलेखला गेलो तर साहेब मीटिंगला. परत जाईन.

पोरीला मांड्यांची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, मग मी उचलला तेव्हा तो मांडा पण कालवला का? म्हटलं वरवर पडलेला होता, पावसाने आधीच हलवलेला, पण हो, थोडासा. फोटो काढून, वहीत त्याचं चित्र काढून, तुकडा परत नेऊन ठेवला आम्ही, साधारण जिथे सापडला होता तिथे. शाळेत चित्र नेलं. बाईंनी विचारलं ही रांगोळी कोणती. (तुकडा खणखणीत वाजत होता, ते सांगायचं राहिलं. फोटो खाली जोडतोय.)

अजून एक विचारायचं होतं. बांधाच्या आमच्या बाजूने ठिबकची मेन लाईन पुरायचीय, दीड फूट खोल. गट आमचाच, टेकाडाच्या हद्दीबाहेर, पण १०० मीटरच्या आत. हे खोदकाम म्हणायचं की नाही?


सातबारा_काका

बांधकाम नाही म्हणता येईल, पण तोंडी कोणाचं ऐकू नकोस, माझंही नाही. साधा अर्ज लिही, गट नंबर आणि खोली टाकून, पोचपावती घे. तोवर पाईप वरून टाक, कडेला दोन दगड लाव आणि वखर चालवताना लक्ष ठेव. फोटोतला तुकडा मस्त आहे.


काळीमायची_लेक

आणि ती शेळी तेवढी बोर्डावरून सोडा हो. आमच्याकडे तसाच एक पडला.